पिवळ्या मण्यांचं कुंपण

नर्सरी माझी आहे. बोर्ड माझा, बोर्डावरचा फोन नंबर माझा, विहिरीवरची मोटार माझ्या नावावर. तरी फोन वाजला की पलीकडून विचारणा होते, "कुसुमताई आहेत का?"

मी म्हणतो, "मालक बोलतोय. काय काम होतं?"

"नाही, त्यांच्याशीच बोलायचं होतं. बागेत एक वेल आलाय, लाल फळं धरलीत. विषारी आहे का ते विचारायचं होतं."

म्हणजे जणू लाल फळांतलं मला काही कळत नाही. तीस वर्षं मातीत हात घालून बसलोय. कलमं बांधण्याच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट चौकटीत घालून भिंतीवर लावलंय. शंभरेक झाडांची लॅटिन नावं मला पाठ आहेत. पण बागेत अनोळखी फळ दिसलं की लोकांना माझ्याकडे खुरपणीला आलेली बाई आठवते.

हा लेख ज्या अंकात येतोय, त्याच्या मंडळींनीही आधी तिलाच विचारलं. हे मीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कोणी सांगायला नको. नर्सरीत येऊन ते म्हणाले, "बागेतल्या विषारी फळांबद्दल कुसुमताईंचे अनुभव हवेत." ती ट्रेमध्ये कोकोपीट भरत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला सांगाय येतंय, लिवाय न्हाई. शेठला सांगा. त्यांना दोन्ही येतंय." असं हे उरलेलं काम माझ्याकडे आलं. मी घेतलं. दारात आलेलं काम परत पाठवायचं नाही, हा माझा जुना नियम आहे.

आधी धंदा सांगतो. आळे गावाच्या बाहेर, रस्त्याला लागून माझी जागा. शेतकऱ्यांना टोमॅटो, मिरची, फ्लॉवरची रोपं वाढवून द्यायची, हे पोटाचं काम. दुसरं काम बंगलेवाल्यांचं. जुन्नर-आंबेगावात पुण्या-मुंबईच्या लोकांनी बरेच बंगले बांधलेत. त्यांना लॉन लावून द्यायचं, शोभेचं कुंपण लावून द्यायचं, मग दर तीन आठवड्यांनी जाऊन ते कातरायचं. घासाघिशीत मला कोणी हरवलेलं नाही. सायकलच्या कॅरियरला पेरू-डाळिंबाची रोपं बांधून गावोगाव फिरायचो, तेव्हापासूनची सवय आहे. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याच्या चपलेकडे बघून मी भाव ठरवतो. माझा राग नाकावर असतो, हेही खरं. पण राग कुठे दाखवायचा आणि कुठे गिळायचा हे आपल्याला कळतं, असं मी समजत होतो.

कुसुम मढ गावची. लग्न होऊन आळ्यात आली आणि पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे खुरपणीला लागली. पहिल्या दिवशी तिने मजुरीवर घासाघीस केली. ती जिंकली नाही, पण हरलीही नाही. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आमच्याकडे खुरपलेलं गवत फेकत नाहीत, ते गुरांना जातं. बंगल्यावर खुरपायला नेलेल्या बायका एकच ढीग करतात. कुसुम दोन करायची. मोठा गवताचा, आणि दूर, भिंतीच्या कडेला, मुळ्या वर करून ठेवलेला एक लहान. मी ओरडायचो, "दोनदा वाकायचे पैसे देत नाही मी. एकात टाक."

"शेठ, ह्यो ढीग गुरांच्या पाटीत जायाला नको," ती म्हणायची. "ह्यो येगळा पुरायचा."

बंगल्याच्या मालकिणी गच्चीतून बघत असायच्या. त्या खाली यायच्या. "हा दुसरा ढीग कसला हो, मावशी?" मग कुसुम एकेक झाड उचलून दाखवायची. हे अमुक, ह्याचं हिरवं फळ वाईट. हे तमुक, ह्याचं बीच वाईट. मालकीण आत जाऊन मुलांना बोलावून आणायची. मग शेजारच्या बंगल्यातली यायची. मी टेप घेऊन कुंपणाची लांबी मोजत उन्हात उभा, आणि ही दुसऱ्या ढिगाशेजारी बसून शाळा भरवतेय. चहा यायचा. मला पायरीवर, स्टीलच्या ग्लासात. तिला खुर्ची आणि कपबशी. पहिल्यांदा झालं तेव्हा मी हसलो. तिसऱ्यांदा झालं तेव्हा माझ्या चहाला चव लागली नाही.

दुसऱ्याला आवडलेलं शिकून घ्यायचं आणि आपलं म्हणून विकायचं, हा धंद्याचा भाग आहे. मी कान देऊन ऐकू लागलो. पुढे लोकांना मीही सांगू लागलो, आणि चांगलं सांगायचो. इथेही सांगतो.

बागेत विषारी झाड तीन वाटांनी येतं. पाखराच्या पोटातून, शेणखतातून आणि नर्सरीच्या गाडीतून. तिसरी वाट मी गिऱ्हाइकांना सांगत नसे.

पाखरू फळ खातं, तारेवर नाहीतर कठड्यावर येऊन बसतं आणि बी खाली टाकतं. म्हणून बागेत आपण न लावलेलं झाड शोधायचं तर आधी मान वर करायची, तार कुठे आहे ते बघायचं, मग मान खाली. तारेखाली घाणेरी हमखास सापडते. दांडा चौकोनी, पान खरखरीत, चोळलं की डोकं उठवणारा वास. तिची पिकलेली काळी फळं पोरं वर्षानुवर्षं खात आलीत, त्यामुळे हिरवीही कोणी तोंडात टाकतं, आणि ती वाईट. शेणखतातून धोत्रा येतो आणि कामुनी येते. कामुनी म्हणजे मिरचीच्या रोपासारखं दिसणारं, पांढऱ्या चांदण्यांची फुलं येणारं झाड. फळ वाटाण्याहून लहान. हिरवं असताना विषारी, आणि पिकून काळंजांभळं झालं की गावाकडे खातात. खाणाऱ्याची बोटं आणि जीभ जांभळी होतात. ही बोटांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गुंजेचा वेल कुंपणावर चढतो. तिचं लाल बी, काळा ठिपका, इतकं देखणं की लोक माळा करतात. सोनाराच्या तराजूत बसलेली म्हणून ती आपल्याला घरातली वाटते. पण भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज पोटात गेली तर माणूस वाचवताना डॉक्टरला घाम फुटतो.

आणि सगळ्यांत मोठी समजूत अशी की पाखरू खातं ते माणसाला चालतं. बुलबुलाचं पोट बुलबुलाचं आहे. ते बघून आपण खायचं नाही.

तार बघायचा नियम मी शोधला, असं मी बऱ्याच बंगल्यांवर सांगितलंय. तो कुसुमचा आहे.

एकदा मी तिला बोललो. जुन्नरहून येताना पिकअपमध्ये. त्या दिवशीच्या मालकिणीने तिला साडी दिली होती, मला लॉन पिवळं पडल्याबद्दल चार शब्द. मी म्हणालो, "तुझं बरंय कुसुम. मी हे धंद्यात मार खाऊन शिकलो, प्रशिक्षणाला पदरचं घालून गेलो, रात्रंदिवस पाठ केलं. तुला सगळं फुकट मिळालं."

तिने मांडीवरची साडीची पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाली, "मढला आमच्या वावराला चंद्रज्योतीचं, म्हंजी मोगली यरंडाचं कुंपण व्हतं. बी शेंगदान्यासारखं गोड लागतं. आमी पाच जनी गुरं राखाय जायचो. भूक लागली, फोडून खाल्लं. माझी धाकली भन दोन दिस डोळं उघडत नव्हती. माझ्या पोटात आट दिस पानीबी ठरलं न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी वाचून शिकला, शेठ. आमी वकून शिकलो. फुकट कसं म्हनता?"

मी गिअर बदलला आणि वेग वाढवला. उत्तर नसलं की माझा राग वाढतो.

विक्षिप्त गिऱ्हाइकंही भेटली. जुन्नरमधल्या एका निवृत्त साहेबांच्या फोनमध्ये झाडं ओळखणारं काहीतरी होतं. फोटो काढला की नाव येतं. साहेबांनी मला तातडीने बोलावलं. अंगणात काळ्या फळांचे घोस लागलेलं एक झाड होतं आणि फोन म्हणत होता की फळ खाऊ नका. "आजच्या आज मुळासकट काढा," साहेब म्हणाले. मी म्हणालो, "साहेब, काढतो. पण मग उद्यापासून आमटीला फोडणी कशाची देणार?" तो कढीपत्ता होता. पानं बंद खोलीतून ओळखता येतील अशा वासाची, आणि साहेब तीस वर्षं त्याच्याच फोडणीची आमटी खात होते. तरी फोन खोटं बोलत नव्हता. कढीपत्त्याचं बी चावायचं नसतंच. त्या फोनचा मला कधी राग आला नाही. फोनला कोणी खुर्ची देत नाही.

आता कुंपणाची गोष्ट.

ड्युरांटा नावाचं झाड तुम्ही पाहिलेलं असणार. पोपटी-सोनेरी पानांचं, कातरून भिंतीसारखं सरळ केलेलं. लवकर वाढतं, मरत नाही, रोप स्वस्तात तयार होतं. माझ्या धंद्याचा तो कणा होता. चार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक भाव ठरवून रोपं मोजत होतं, तेवढ्यात मागून कुसुम म्हणाली, "दादा, ह्येला पिवळी फळं आली का लहान पोरांना जपा. माझ्या करडानं खाल्ली तर दोन दिस उठलं न्हाई."

गिऱ्हाईक म्हणालं, "विचार करून सांगतो." विचार करून सांगतो म्हणजे शेजारच्या नर्सरीत गेलं.

मी तिला सगळ्यांसमोर झापलं. "गिऱ्हाईक मोडायला ठेवलंय का तुला? कातरलेल्या कुंपणाला कधी फळ येतं का?"

"कातरलं तर न्हाई येत," ती म्हणाली. "कातरायचं ऱ्हायलं तर?"

"माझ्या बागेत राहत नाही," मी म्हणालो.

माझं म्हणणं चूक नव्हतं. नियमित कातरलं की फुलणारा शेंडाच राहत नाही, मग फळ कुठलं? ती पुन्हा त्यावर बोलली नाही. मीही विसरलो. विसरलो म्हणजे काय, मला हवं तेवढंच लक्षात ठेवलं.

निरगुडसरला एक वहिनी राहतात. मोठा बंगला, यजमान पुण्याला जाऊन-येऊन असतात. त्यांच्या लॉनभोवती मी ड्युरांटाचं कुंपण लावलं होतं, माझ्या हातचं सगळ्यांत देखणं. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "पुढच्या वेळी तुम्ही नाही आलात तरी चालेल हं. कुसुमताईंना पाठवा. त्यांना बागेतलं सगळं कळतं."

त्या सहज बोलल्या. मला मात्र ते असं लागलं की मी तिथल्या तिथे म्हणालो, "मग त्यांनाच द्या काम. आमची माणसं आजपासून येणार नाहीत." आणि फोन ठेवला. बायको, मंगल, ऐकत होती. "अहो, चांगलं काम होतं ते," ती म्हणाली. मी म्हणालो, "गरज त्यांना आहे. परत येतील." घासाघिशीत मी असंच करतो. पाठ फिरवतो आणि मागून हाक यायची वाट बघतो.

हाक आली, पण पावसाळा संपता संपता. वहिनी म्हणाल्या, "गणपतीला नात येणार आहे, चिनू, चार वर्षांची. पावसात बागेत काय काय उगवलंय, मला काही ओळखू येत नाही. कुसुमताईंना घेऊन या ना, एकदा बघून जा."

कुसुम दहा पावलांवर ट्रे उचलत होती. मी फोनवर म्हणालो, "ती मढला गेलीय. मी येतो." मला त्या बागेत एकट्याला जायचं होतं. मला ती खुर्ची हवी होती.

गेलो. असं काम मी आयुष्यात केलं नसेल. सगळ्या तारांखालून फिरलो. घाणेरीची रोपं काढली. मागच्या भिंतीवर गुंजेचा कोवळा वेल होता, तो मुळापर्यंत खणला. शेणखताच्या ढिगाजवळ कामुनी होती, ती काढली. दोन ढीग केले, कुसुमसारखेच. वहिनींना एकेक उचलून दाखवलं, लॅटिन नावासकट. त्या भारावल्या. "तुम्हालाही इतकं माहीत आहे, मला कल्पनाच नव्हती," म्हणाल्या. झोपाळ्यावर बसवलं. चहा आला, कपबशीतून.

झोपाळ्यासमोर माझं कुंपण होतं. मे महिन्यापासून न कातरलेलं, माणसाच्या उंचीचं झालेलं. जांभळ्या फुलांचे घोस लोंबत होते आणि त्यांच्या खाली पिवळ्याधमक मण्यांचे घोस. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही कातरणं थांबवलंत ते एका अर्थी बरंच झालं. किती सुंदर फुललंय!"

मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "आपल्याच हातचं आहे."

मला माहीत होतं, आणि मला दिसलं नाही. दोन्ही खरं आहे. मी बागेत न लावलेलं झाड शोधत होतो. स्वतः लावलेल्या झाडाकडे त्या नजरेने बघायचं असतं, हे कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. निघताना मी म्हणालो, "आता निवांत राहा. बागेत काही उरलं नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. माझे हात मातीचे होते, म्हणून स्पीकरवर घेतला. वहिनी रडत होत्या. "चिनूने बागेतली कसली तरी फळं खाल्लीत. उलट्या करतेय, आणि आता झोपाळल्यासारखी झालीय. तुम्ही तर म्हणाला होतात काही उरलं नाही!"

माझ्या तोंडातून सवयीचं बोलणं बाहेर पडलं. "घाबरू नका. एखादी कामुनी राहिली असेल. पिकलेली असेल तर काही होत नाही. पाणी पाजा, पडू द्या."

कुसुमने हातातला ट्रे खाली ठेवला आणि फोनजवळ आली. "वहिनी, कुसुम बोलतीय. पोरीची बोटं बघा. जांभळी हायेत का?"

"नाहीत. साधीच आहेत."

"जीभ?"

"जीभही साधीच आहे. अहो, तिच्या फ्रॉकच्या खिशात... हे पिवळे मणी आहेत. मण्यांची माळ करत होती ती सकाळपासून."

कुसुमने माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, मुद्दाम नाही बघितलं. "ती कुंपनाची फळं हायेत. घरी काय पाजू नका, उलटी काढाय जाऊ नका. फळासकट एक फांदी तोडा, संगं घ्या आन गाडी काढा. दवाखान्यात फांदी आधी दाखवा. आमी निघतोच."

"म्हणजे कुंपण विषारी आहे? तुम्हाला हे माहीत—"

"वहिनी, ते मागनं इचारा. निघा."

मी पिकअप काढली. वहिनी पोरीला मंचरच्या दवाखान्यात नेत होत्या, आम्ही आळ्याहून थेट तिकडे निघालो. वाटेत मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. त्या कबुलीत पहिल्यांदाच मी घासाघीस केली नाही.

दवाखान्यात डॉक्टर फांदी हातात घेऊन उभे होते. "झाड कुठलं?" त्यांनी विचारलं. कुसुम म्हणाली, "कुंपनाचं, फळ वाईट, गुंगी येती, ताप येतो." डॉक्टर म्हणाले, "नाव?" नाव तिला फक्त नर्सरीपुरतं येत होतं. पूर्ण नाव मी सांगितलं, अक्षरं फोडून सांगितलं. त्यांनी ते शोधलं, नर्सला काही सांगितलं, पोरीला आत नेलं. त्या दिवसात माझ्या हातून झालेलं उपयोगाचं काम एवढंच.

तिला ताप चढला. दोनदा अंगाला झटके आल्यासारखं झालं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत. आणि काय खाल्लं ते कळलं म्हणून चाचपडावं लागलं नाही. आता धोका टळलाय असं वाटतं." वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

माझ्या शेजारून कुसुम म्हणाली, "आमाला दोगांनाबी म्हाईत व्हतं, वहिनी. कातरलेल्या कुंपनाला फळ येत न्हाई, म्हनून ध्यानात आलं न्हाई. चुकलं आमचं."

वहिनींनी तिचा हात धरला. तिचा.

परतताना माझा राग बाहेर पडला. "तुझं काय चुकलं? तू त्या दिवशी तिथे होतीस का? मी खोटं बोललो, तू मढला गेलीस म्हणून सांगितलं. तुला नेलंच नाही."

"म्हाईत हाय. मी ऐकत व्हते."

"मग मध्ये कशाला पडलीस?"

"वहिनी रडत व्हत्या. तुमी खांबावानी उभं. कुनी तरी बोलाय पायजे का नको?"

घरी येऊन मी मंगलला सगळं सांगितलं. म्हणालो, "बघ, माझ्या चुकीतसुद्धा तिने वाटा घेतला. चूक तरी अख्खी माझी असू द्यायची."

मंगल म्हणाली, "म्हणजे आता चुकीचाही हेवा वाटायला लागला तुम्हाला." आणि भात वाढला.

ती म्हणते ते खरं आहे. म्हणून इथे छापून घेतोय, म्हणजे पुढे वाद नको. ती चूक माझी होती. एकट्याची. चार वर्षांपूर्वी सांगितलेलं मी ऐकलं नाही. रागाने कातरणं बंद केलं. ज्या माणसाला दिसलं असतं त्याला हेव्यापोटी मागे ठेवलं. कुसुमने त्यात वाटा मागू नये. मी देणार नाही.

चिनू बरी झाली. घरी गेल्यावर तिने आजीला विचारलं म्हणे, की माझी माळ कुठे आहे.

पुढच्या आठवड्यात आम्ही ते कुंपण काढलं. माझ्या खर्चाने, मुळासकट. चार माणसं लागली. कुसुम बाजूला उभी राहून सांगत होती, एक फळ जमिनीवर राहू देऊ नका, पाखरू नेईल. माझ्या हातचं सगळ्यांत देखणं कुंपण दुसऱ्या ढिगावर गेलं. त्या ढिगावर मी लावलेलं झाड जायची ती पहिली वेळ. त्या जागी जास्वंद लावली. वहिनींनी बागेचं काम पुन्हा दिलं, पण कुसुमच्या नावाने. मी तिला पिकअपमधून सोडायला जातो. चहा दोघांनाही कपबशीतून येतो. खुर्ची मात्र अजून एकच येते आणि मी पायरीवर बसतो.

ड्युरांटा मी नर्सरीतून काढून टाकला. कुंपण मागायला येणारा प्रत्येक जण तोच मागतो. गेल्या महिन्यात चाकणहून एक जण आला, नवा बंगला, पायात भारी बूट. माझ्या मनात भाव तयार होता. त्याने ड्युरांटा मागितला आणि मी नाही म्हणालो. का, ते समजावून सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, विचार करून सांगतो," आणि शेजारच्या नर्सरीत गेला. अर्ध्या तासाने त्याची गाडी ड्युरांटाने भरून माझ्या फाटकासमोरून गेली. त्या गाडीकडे बघताना माझ्या अंगाची लाही झाली, हे कबूल करतो.

मागून कुसुम म्हणाली, "जाऊ द्या शेठ. तारेखालून फिरून या, बरं वाटंल."

रागारागाने मी खरंच गेलो. नर्सरीच्या मागच्या बाजूला विजेची तार जाते. मान वर केली, मग खाली. शेजारच्या हद्दीला लागून, गवतात, वीतभर रोप होतं. पानं समोरासमोर जोडीने, वरच्या अर्ध्याला बारीक दाते, पानाच्या बेचक्यात कोवळा काटा. कुठल्याही बागेत हजार रोपांतून ओळखेन. शेजारचा विकतो, बुलबुल आणतो आणि माझ्या तारेखाली टाकतो.

"कुसुम," मी हाक मारली. आवाज वर गेला असेल तर गेला असेल. "इकडे ये. हे काय आहे, ओळख."

ती आली. वाकलीसुद्धा नाही. "ड्युरांटा."

"आधी मी पाहिलं," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली आणि हातातलं खुरपं माझ्याकडे दिलं. "चार दिस झालं, उपटाय आले व्हते. म्हटलं, ऱ्हाऊ द्या. शेठला घावू द्या."

मी ते मुळासकट काढलं आणि दुसऱ्या ढिगावर टाकलं.